खुब्याचा सांधा बदलताना रोबोट हवा का? राजापूर तालुक्यातील एका रुग्णाच्या निमित्ताने

प्रश्न: माझी आई ६४ वर्षांची असून राजापूर तालुक्यात गावी राहते. तिच्या उजव्या खुब्याचा सांधा पूर्ण झिजला आहे, असे दोन डॉक्टरांनी सांगितले. कोल्हापूरचे डॉक्टर नेहमीच्या पद्धतीने सांधा बदलू म्हणतात. मी मुंबईत नोकरीला आहे. येथील एका रुग्णालयात रोबोटच्या मदतीने शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला मिळाला आणि खर्च बराच अधिक सांगितला. रोबोटने केलेली शस्त्रक्रिया खरोखर चांगली असते का? आम्ही काय करावे? तिला मधुमेह आहे, आणि आठ वर्षांपूर्वी कंबरेच्या मणक्यांचे स्क्रू टाकून ऑपरेशन झालेले आहे.

उत्तर:

आपण जे वाक्य अखेरीस जाता जाता लिहिले आहे, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आईंच्या कंबरेचे मणके स्क्रूंनी जोडलेले आहेत. रोबोट की हात आणि मुंबई की कोल्हापूर, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका गोष्टीवर बरेच अवलंबून आहे, आणि ते कसे हे सांगण्यासाठी मला थोडे मागून सुरुवात करावी लागेल. मी गेली २४ वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील रुग्णांचे खुबे बदलत आहे. अलीकडच्या काही वर्षांत निवडक रुग्णांसाठी मुंबईला जाऊन रोबोटवरही काम करतो. बाकीच्या शस्त्रक्रिया येथेच, हाताने होतात. त्यामुळे दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत आणि दोन्हींविषयी मला आदर आहे.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. कटीर, म्हणजे कमरेचे घेरदार हाड, त्यात खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा त्या वाटीत फिरतो. दोहोंवरची गुळगुळीत कूर्चा झिजली, किंवा रक्तपुरवठा बंद पडून गोळा आतून खचला, की जांघेत दुखू लागते, पाय आखूड वाटतो, माणूस लंगडू लागतो आणि पुढे रात्रीची झोपही जाते. हा सांधा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ पासून रूढ केली. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्यावर लहान गोळा, कटीरात दाट प्लास्टिकची वाटी, आणि हे सारे हाडाला धरून ठेवणारे सिमेंट, अशी ती रचना होती. आज सिमेंटऐवजी खरखरीत पृष्ठभागाचे, हाड स्वतःच धरून ठेवील असे भाग अधिक वापरले जातात आणि प्लास्टिकही पूर्वीपेक्षा फार कमी झिजते; परंतु मूळ कल्पना तीच आहे. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसले. हे सांधे जुन्या पिढीचे होते आणि रोबोटशिवाय बसवलेले होते. नेहमीच्या पद्धतीने शस्त्रक्रिया करून घेणारा रुग्ण काहीतरी कमी दर्जाचे पदरात पाडून घेतो, अशी समजूत करून घेण्याचे म्हणूनच काही कारण नाही.

आता रोबोटकडे वळतो. खुब्यासाठी रोबोट ही अगदी नवी गोष्ट आहे असे अनेकांना वाटते, पण माणसावर अशी पहिली शस्त्रक्रिया नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे झाली. तो रोबोडॉक नावाचा रोबोट मांडीच्या हाडाची पोकळी स्वतःच कोरून काढी. कोरीवकाम अचूक होई, दांडा घट्ट बसे. परंतु वेळ फार लागे, आणि त्या फिरत्या हत्याराला जागा करून देताना खुब्याभोवतीच्या स्नायूंना इजा होई. जर्मनीत नव्वदच्या दशकात तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आणि नंतर रुग्णांच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. हाडाचे गणित बरोबर सुटले तरी स्नायूंचे बिघडले, तर रुग्ण लंगडतोच, हे त्या अनुभवातून सर्वांना कळले.

आजची यंत्रे वेगळ्या विचाराने बनवलेली आहेत. आपल्याकडे खुब्यासाठी अधिक ऐकू येणारे नाव स्ट्रायकर कंपनीच्या माको या यंत्राचे आहे. त्यात शस्त्रक्रियेपूर्वी कटीरापासून गुडघ्यापर्यंत सीटी स्कॅन काढतात आणि त्यावरून संगणकात रुग्णाच्या हाडांची त्रिमिती प्रतिकृती तयार होते. वाटी कोणत्या मापाची, किती खोल आणि कोणत्या कोनात बसवायची, पायाची लांबी किती मिलिमीटर वाढवायची, हे सर्जन त्या प्रतिकृतीवर आदल्या दिवशीच ठरवतो. शस्त्रक्रियेच्या वेळी कटीराच्या कडेत बारीक पिना रोवून त्यांवर खुणेचे दिवे किंवा गोळे लावतात. कॅमेरा ते पाहतो. मग सर्जन एका टोकदार काडीने खऱ्या हाडावर तीस-एक ठिकाणी स्पर्श करतो आणि संगणक ते स्पर्श सीटीच्या प्रतिकृतीशी जुळवून घेतो. ही जुळणी पक्की झाली की यंत्राचा हात सर्जनच्या हाताला धरून राहतो. वाटीसाठी हाड खरवडताना ठरवलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागलो तर तो अडवतो, आणि वाटी ठोकून बसवताना कोन स्थिर धरतो.

रोबोट ऑपरेशन करतो आणि डॉक्टर पाहत उभे राहतात का, असे मला अनेक नातेवाईक विचारतात. तसे होत नाही. चीर कोठे द्यायची, स्नायू कसे बाजूला करायचे, मज्जातंतू कसा जपायचा, रक्तस्राव कसा थांबवायचा, जखम कशी शिवायची, हे सगळे हातानेच होते. मांडीच्या हाडातला दांडाही या पद्धतीत मुख्यतः हातानेच बसवला जातो. त्याचा कोन आणि पायाची लांबी यंत्र फक्त मोजून सांगते. यंत्राची खरी मदत वाटीला आणि लांबीच्या मापाला आहे. झिमर बायोमेटच्या रोझा या यंत्राची रीत थोडी वेगळी आहे. ते सीटीऐवजी शस्त्रक्रियेच्या वेळीच घेतलेल्या एक्स-रे चित्रांवर चालते आणि खुब्यात पुढच्या बाजूने शिरण्याच्या पद्धतीसाठी बनवलेले आहे.

वाटीचा कोन एवढा महत्त्वाचा का, तर बदललेला सांधा निखळण्याशी त्याचा संबंध आहे. वाटीचे तोंड खालच्या बाजूला साधारण ४० अंश आणि पुढच्या बाजूला साधारण १५ अंश वळलेले असावे, दोन्हींत १० अंश इकडेतिकडे चालतील, असा एक 'सुरक्षित पट्टा' १९७८ पासून आम्हा सर्वांना शिकवला गेला आहे. हाताने वाटी बसवताना सर्जन रुग्णाच्या कटीराच्या ठेवणीचा अंदाज घेतो. पण रुग्ण कुशीवर झोपवलेला असतो, वर निर्जंतुक चादरी असतात, हाड ओढले जाते तसे कटीर हलते आणि अंदाज काही अंशांनी चुकू शकतो. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोबोटच्या मदतीने बसवलेल्या ५० वाट्या सर्वच्या सर्व या पट्ट्यात होत्या, तर नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या ५० वाट्यांपैकी ८० टक्के होत्या. इतर अभ्यासांचा कलही असाच आहे. वाटी ठरवलेल्या जागी नेमकी बसवण्यात रोबोट माणसाच्या हातापेक्षा सरस आहे, आणि हे मी माझ्या हातांविषयीही मान्य करतो.

परंतु येथे एक पायरी अशी आहे की जी रुग्णांना समजावून सांगितली जात नाही. वाटी ठरवलेल्या जागी बसली, एवढ्याने ती जागा योग्य ठरवली होती असे होत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१६ मध्ये आपल्या निखळलेल्या सांध्यांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांतील ५८ टक्के वाट्या त्या सुरक्षित पट्ट्याच्या आतच होत्या. सर्वांना एकच पट्टा लागू करणे चुकीचे होते, हे त्यातून उघड झाले. दुखणे कमी होणे, चालणे, जिने चढणे, रुग्णाचे समाधान, या मोजपट्ट्यांवर रोबोट आणि नेहमीची पद्धत यांत मोठा आणि टिकाऊ फरक आजवर निर्विवादपणे दिसलेला नाही, आणि आजच्या यंत्रांनी बसवलेल्या सांध्यांना अजून २५ वर्षे झालेलीही नाहीत. 'रोबोटने केले तर दुप्पट टिकेल' असे कोणी सांगत असेल, तर त्याला आज आधार नाही.

आता आपल्या आईंच्या मणक्याकडे येतो. आपण उभे असताना कटीर एका ठेवणीत असते. बसताना ते मागे कलते, साधारणपणे २० अंश किंवा त्याहून अधिक, आणि कंबरेची कमान सपाट होते. कटीर मागे कलले की वाटीचे तोंड पुढून अधिक उघडते आणि वर येणाऱ्या मांडीच्या हाडाला जागा मिळते. निसर्गाने केलेली ही सोय आहे. ज्यांचे कंबरेचे मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडलेले आहेत, त्यांचे कटीर बसताना कलत नाही, किंवा फार थोडे कलते. मग खाली बसताना मांडीचे हाड वाटीच्या पुढच्या कडेवर आपटते, ती कडा टेकू होते आणि गोळा मागच्या बाजूने वाटीतून बाहेर उडी मारतो. एरवी पहिल्यांदा बदललेला खुबा निखळण्याचे प्रमाण शंभरात एक ते तीन एवढे धरले जाते. मणके जोडलेल्या रुग्णांत ते स्पष्टपणे वाढते, आणि जितके अधिक मणके जोडलेले तितके अधिक.

आणि आपल्या भागात माणूस दिवसातून किती वेळा खाली बसतो, हे मुंबईच्या सदनिकेत राहून विसरायला होते. नारळ खोवायला विळीवर बसायचे, चुलीपुढे पाटावर बसायचे, अंगणात आमसुले नाहीतर फणसाची साठे वाळत घालताना वाकायचे, भाताच्या लावणीला पाठ वाकवून उभे राहायचे, गणपतीच्या दिवसांत तासन्‌तास मांडी घालून बसायचे, आणि घरामागचा संडास जुन्या पद्धतीचा असेल तर रोज उकिडवे बसायचे. पाश्चात्त्य अभ्यासांतील रुग्ण खुर्चीवर बसतो आणि गाडीत बसतो. आपला रुग्ण जमिनीवर बसतो. ताठ मणका आणि जमिनीवरचे आयुष्य हा संयोग मला नेहमी अधिक सावध करतो.

म्हणून मी दोन्ही डॉक्टरांकडे पहिली मागणी ही करीन: कंबर आणि कटीर यांचा बाजूने घेतलेला एक एक्स-रे उभे राहून आणि दुसरा स्टुलावर बसून. हे दोन एक्स-रे राजापूर किंवा रत्नागिरीतही निघू शकतात, त्यांना फार खर्च येत नाही. त्या दोन चित्रांत माकडहाडाच्या वर असलेल्या हाडाचा, म्हणजे त्रिकास्थीचा, कल किती बदलतो ते मोजतात. बदल १० अंशांपेक्षा कमी असेल तर कंबर ताठ आहे असे समजून वाटीचा कोन त्याप्रमाणे ठरवावा लागतो, सहसा तोंड नेहमीपेक्षा थोडे अधिक पुढे वळवून. ज्या डॉक्टरांनी हे एक्स-रे मागितले किंवा मणक्याच्या जुन्या ऑपरेशनविषयी स्वतःहून विचारले, त्यांच्याविषयी माझा विश्वास तेथेच वाढतो, मग त्यांच्याकडे रोबोट असो वा नसो. उलट मणक्याचा विचार न करता रोबोटमध्ये नेहमीचेच ४० आणि १५ अंश भरले, तर यंत्र चुकीच्या जागी वाटी अत्यंत अचूकपणे बसवून देईल.

अशा रुग्णांसाठी दुसरा एक उपाय आहे आणि तो रोबोटपेक्षा बराच जुना आहे. फ्रान्समधील झिल बुस्के यांनी सत्तरच्या दशकात दुहेरी हालचालीची वाटी काढली. तिच्यात लहान गोळा एका मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात फिरतो आणि तो मोठा गोळा पुन्हा धातूच्या वाटीत फिरतो. गोळा जेवढा मोठा तेवढा तो वाटीबाहेर पडण्यासाठी अधिक अंतर उचलला जावा लागतो, म्हणून निखळण्याची शक्यता बरीच घटते. माझ्याकडे मणके जोडलेले, कंपवात असलेले किंवा खुब्याभोवतीचे स्नायू दुबळे झालेले जे रुग्ण येतात, त्यांच्यात मी ही वाटी अधिकाधिक वापरू लागलो आहे. ती कोल्हापुरातही बसवता येते आणि तिच्यासाठी यंत्राचे भाडे द्यावे लागत नाही. आपल्या आईंच्या बाबतीत 'दुहेरी हालचालीची वाटी वापरणार का, नसल्यास का नाही' हा प्रश्न दोन्हीकडे अवश्य विचारा. रोबोटविषयीच्या प्रश्नापेक्षा मी तो आधी विचारीन.

रोबोट खरोखर उपयोगी पडतो असे रुग्ण कोणते, हेही सांगितले पाहिजे, कारण मी त्यांना स्वतः मुंबईला घेऊन जातो. जन्मापासून वाटी उथळ असलेले रुग्ण त्यांत येतात. आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून पडून, अथवा महामार्गावरच्या अपघातात कटीर मोडलेले आणि हाड वेडेवाकडे जुळलेले रुग्ण येतात. या किनाऱ्यावर असे रुग्ण कमी नाहीत. पायांच्या लांबीत मोठा फरक असलेले आणि मणका ताठ होण्याच्या आजारामुळे दोन्ही खुबे आखडलेले तरुण रुग्णही येतात. अशांच्या हाडांत नेहमीच्या खुणा सापडत नाहीत आणि डोळ्यांचा अंदाज फसतो. तेथे सीटीवरून केलेली आखणी आणि ती तशीच अमलात आणणारा हात यांचे मोल मोठे आहे. आईंचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, परंतु साध्या झिजेत हाडाची ठेवण सहसा सरळ असते. त्यांच्यासाठी रोबोटचा जो लाभ संभवतो तो मणक्याप्रमाणे ठरवलेला कोन नेमका साधण्यापुरता आहे. तो लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे.

यंत्राच्या काही उणिवा माहितीपत्रकांत लहान अक्षरांत असतात, त्या येथे मोठ्या अक्षरांत सांगतो. सीटी स्कॅनचा किरणोत्सर्ग जास्तीचा होतो. पिना रोवलेल्या जागी क्वचित जंतुसंसर्ग होतो, अगदी क्वचित हाड चिरते. ६४ वर्षांच्या स्त्रीचे हाड ठिसूळ असू शकते; त्यात रोवलेली पिन शस्त्रक्रियेच्या मध्येच हलली, तर संगणकाची सगळी जुळणी चुकते, आणि अशा वेळी यंत्र बाजूला सारून हाताने काम पुरे करण्याची तयारी सर्जनकडे असावी लागते. सुरुवातीच्या काळात यंत्रामुळे वेळ अधिक लागतो, आणि मधुमेही रुग्णात जखम उघडी राहण्याचा वेळ मी हलका मानत नाही. बहुतेक यंत्रे त्याच कंपनीच्या सांध्याबरोबर चालतात, म्हणून यंत्र निवडले की सांध्याची निवडही बहुधा होऊन जाते. तो सांधा चांगल्या नोंदीचा आहे का, हे वेगळे विचारावे लागते.

ज्या गोष्टींवर रोबोटचा काहीच प्रभाव नाही, त्यांतील सर्वांत गंभीर म्हणजे जंतुसंसर्ग. आईंची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी आधी करून घ्या. ती साडेसातच्या आत आणण्याचा प्रयत्न करावा आणि आठच्या वर असेल तर मी तारीख पुढे ढकलतो. लघवीतील जंतू, किडलेले दात, पायांच्या टाचांच्या भेगा, नखांच्या कडेचा पू, हे सगळे आधी बरे झाले पाहिजे. पावसाळ्यात शेतात किंवा ओल्या अंगणात अनवाणी वावरणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतात. त्या जखमांतून शिरलेले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. आणखी एक प्रश्न मी आमच्या प्रत्येक वयस्क बाईंना विचारतो, आणि मुलांसमोर त्यांना उत्तर देणे अवघड जाते, म्हणून एकट्या असताना विचारतो: मशेरी लावता का? मशेरी ही तंबाखूच आहे. तिच्यामुळे जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हिरड्या बिघडतात. शस्त्रक्रियेच्या निदान चार-सहा आठवडे आधी ती बंद व्हायला हवी. आपल्या आई लावत नसतील तर उत्तमच. पण विचारून घ्या, रागावू नका.

खर्चाविषयी थोडक्यात. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. खुब्याचे सांधे तेव्हा त्या मर्यादेत आले नाहीत, म्हणून दर रुग्णालयागणिक बरेच बदलतात. अंदाजपत्रकात सांधा, शस्त्रक्रिया, खोली आणि रोबोट यांचे आकडे वेगवेगळे मागा. आरोग्य विमा असेल तर विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया आहे एवढ्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही, मात्र त्या भागावर पोटमर्यादा घालू शकते. ती मर्यादा किती हे पॉलिसीत आधी पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करायची असेल तर कोणत्या रुग्णालयात, कोणता सांधा आणि कोणत्या अटींवर मिळेल हे तेथील आरोग्यमित्राकडून लेखी समजून घ्या. रोबोटसाठी दागिने गहाण टाकावेत किंवा आंब्याची बाग खंडाने द्यावी, असे मी माझ्या स्वतःच्या नातेवाइकांनाही सांगणार नाही. तोच पैसा घरात पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, न्हाणीत धरायला कठडे आणि दोन महिने मदतीला माणूस यांसाठी लावला तर आईंच्या नव्या सांध्याला अधिक लाभ होईल.

आता अंतराचा प्रश्न. तो आपण विचारलेला नाही, तरी माझ्या निवडीत त्याचे वजन मोठे आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो, तीन-चार दिवसांत घरी जाऊ शकतो. मुंबईहून राजापूरचा रस्ता आठ-दहा तासांचा. रेल्वेने आलात तरी राजापूर रोड स्थानकापासून गावापर्यंतचा प्रवास उरतोच. नव्या खुब्यानंतरचे पहिले काही आठवडे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे पस्तीस दिवसांपर्यंत दिली जातात, आणि एकाच जागी बसून केलेला लांबचा प्रवास ती भीती वाढवतो. मुंबईतच शस्त्रक्रिया करायची ठरली, तर आईंना निदान दोन-तीन आठवडे आपल्याकडे ठेवून घ्या. टाके काढून, जखम पाहूनच गावी न्या. वाटेत तासातासाला गाडी थांबवून चार पावले चालवा, आणि गाडीचे आसन खोल असेल तर खाली घट्ट उशी ठेवा, म्हणजे गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. कोल्हापूरहून अणुस्कुरा घाटाने येणे जवळचे आहे, पण घाटातही हेच नियम लागू आहेत.

मध्यरात्री काही बिघडले तर कोणाला फोन करायचा, हे आधी ठरलेले असावे. पाय अचानक आखूड होऊन आत वळला, उभे राहता येईना, तर सांधा निखळला असे समजा आणि ओढाताण न करता जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. भूल देऊन तो जागेवर बसवणे येथील रुग्णालयांतही होते. पोटरी सुजून दुखणे, एकाएकी दम लागणे, जखमेतून आठवड्यानंतरही पाणी येणे, ताप, यांसाठी सकाळची वाट पाहू नये. या साऱ्या वेळी आपले सर्जन दोन तासांवर आहेत की दहा तासांवर, याने फरक पडतो.

डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न अनेक आहेत. त्यांतील मला खरे वाटणारे असे: वर्षाला किती खुबे बदलता, त्यांतील किती रोबोटवर, यंत्र बंद पडले तर काय कराल, आणि आपण केलेल्यांपैकी किती सांधे निखळले. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटेल. तरीही विचारा. ज्यांनी पुष्कळ शस्त्रक्रिया केल्या आहेत त्यांचे काही सांधे निखळलेले असतात; माझेही निखळले आहेत, आणि त्यांतील एका बाईंच्या कंबरेत तुमच्या आईंसारखेच स्क्रू होते. तेव्हा मी बसून काढलेला एक्स-रे मागितला नव्हता. त्यांची वाटी एक्स-रेमध्ये अगदी पुस्तकातल्यासारखी दिसत होती आणि सांधा तिसऱ्या आठवड्यात, घरच्या बुटक्या बाकावरून उठताना निखळला. त्यांची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. आज त्या व्यवस्थित चालतात, पण तो त्रास त्यांना माझ्या न विचारलेल्या प्रश्नामुळे झाला, म्हणून हे एवढ्या विस्ताराने लिहितो आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. कोल्हापूरचे डॉक्टर नियमितपणे खुबे बदलणारे असतील, उभे आणि बसलेले एक्स-रे पाहून वाटीचा कोन ठरवणार असतील आणि दुहेरी हालचालीची वाटी वापरण्यास तयार असतील, तर आईंची शस्त्रक्रिया तेथे नेहमीच्या पद्धतीने करून घेण्यात मला काहीही उणे वाटत नाही. मुंबईचे डॉक्टर हाच विचार करून रोबोट सुचवत असतील, खर्च आपल्याला कर्जाशिवाय झेपत असेल आणि नंतरचे तीन आठवडे आई आपल्याकडे राहू शकत असतील, तर तो पर्यायही चांगला आहे. मणक्याविषयी दोहोंपैकी कोणीच बोलत नसेल, तर तिसरे मत घ्या.

घाई नाही. झिजलेला खुबा दुखतो, पण काही महिन्यांनी प्राण जात नाही. आमच्याकडे मी शक्यतो पावसाळा टाळतो, कारण जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि अंगणात शेवाळ धरते आणि वॉकर घेऊन त्यावर चालणे धोक्याचे असते. भातकापणी आटोपल्यावर, दिवाळीच्या पुढे तारीख घेतली तर अंगण कोरडे असते आणि आंब्याच्या कामांना अजून अवकाश असतो. तोवर साखर आटोक्यात आणणे, दात दाखवणे आणि घरातला संडास बदलून घेणे ही कामे होतील. मणक्याच्या जुन्या ऑपरेशनचे कागद आणि फिल्म शोधून ठेवा. किती मणके जोडले आहेत हे त्यांत लिहिलेले असते, आणि ते दोन एक्स-रे काढायला जाल तेव्हा सोबत न्या.